नॅनो सेलेनियम घरच्या ड्रममध्ये करावे का?

शेतकरी बंधू-भगिनींनो, सध्या गावोगावच्या बैठकांत एकच प्रश्न फिरून फिरून येतो आहे. 'जिवाणू सेलेनियमचे नॅनो कण तयार करतात, असा व्हिडिओ बघितला. त्याच्या फवारणीने सोयाबीन पावसाच्या खंडात तग धरते म्हणतात. मग सोडियम सेलेनाइट हा सेलेनियमचा क्षार आणून जीवामृताच्या ड्रममध्ये टाकले तर? ड्रम लाल झाला की औषध तयार.'

टाकू नका.

व्हिडिओतली मूळ गोष्ट खोटी नाही. सेलेनियम गंधकाच्या कुळातले. त्याचे सेलेनाइट हे रूप पाण्यात विरघळते आणि विषारी असते. गंधकाशी साम्य असल्यामुळे ते जिवाणूच्या पेशीत सहज शिरते. आत ग्लुटाथायोनसारखे गंधकयुक्त रेणू आणि काही विकरे (एन्झाइम) त्याला इलेक्ट्रॉन देतात, आणि न विरघळणारे मूलरूप सेलेनियम तयार होते. त्याचे गोल कण बहुधा 50 ते 300 नॅनोमीटरचे असतात (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). त्यांच्यावर जिवाणूच्याच प्रथिनांचा थर बसतो, म्हणून ते लगेच एकमेकांना चिकटत नाहीत. बॅसिलस, स्यूडोमोनास, अगदी लॅक्टोबॅसिलसच्या काही जातींनाही हे जमते. थॉएरा सेलेनाटिस नावाचा एक तर प्राणवायू नसेल तिथे सेलेनेट या सेलेनियमच्या दुसऱ्या विरघळणाऱ्या रूपावरच श्वसन करतो. तुमच्या सोयाबीनची काळजी यांतल्या कोणालाच नाही. बहुतेकांना फक्त स्वतःचे विष उतरवायचे असते.

लाल रंग येतो तो या कणांचा. गफलत इथेच होते. सेलेनाइटचे द्रावण रंगहीन असते. म्हणजे ड्रम लालभडक झाला तरी काही कण बनले एवढेच कळते. विषारी सेलेनाइट किती उरले, ते डोळ्यांना दिसत नाही. प्रयोगशाळेत ओळखीचा एकच जिवाणू वाढवतात, कण सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवणाऱ्या यंत्रात, वेगळे करून धुतात आणि उरलेले सेलेनाइट मोजतात. जीवामृतात शेणातले आणि बांधावरच्या मातीतले नाना जातींचे जिवाणू, त्यांतला कोण काय करील याचा नेम नाही. काही जण सेलेनियमचे वायुरूप संयुगही सोडतात, लसणासारख्या वासाचे. ड्रमवर वाकून काठीने ढवळणाऱ्याच्या नाकात ते थेट जाते.

मात्रेचा हिशोबही बघा. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 55 मायक्रोग्रॅम सेलेनियम पुरते. 400 च्या पुढे रोज जाऊ नये. एक ग्रॅम सोडियम सेलेनाइटमध्ये 450 मिलिग्रॅमच्या वर सेलेनियम असते, म्हणजे एका माणसाची 8 हजार दिवसांहून जास्त गरज! दुभत्या जनावराला किलोभर कोरड्या खाद्यामागे 0.3 मिलिग्रॅम पुरे. जास्त झाले की शेपटीचे केस गळतात, खूर झडतात. पंजाबात नवांशहर-होशियारपूर पट्ट्यात जमिनीतच सेलेनियम जास्त आहे, तिथे जनावरांचे असे हाल झाले आहेत. आणि 2025 च्या सुरुवातीला शेजारच्या बुलढाण्यात, शेगाव तालुक्यात, लोकांचे केस गळाल्याच्या चौकशीत जास्त सेलेनियमचेच नाव पुढे आले होते. म्हणून ज्या पिकाचे भुसकट किंवा कडबा गोठ्यात जाणार, त्यावर असले पाणी मारणे नकोच.

'मग तयार बाटली घ्यावी का?' असेही काहींनी विचारले. धुतलेले, मोजलेले कण सेलेनाइटपेक्षा सौम्य असतात आणि थोड्या मात्रेत पिकाचा ताण कमी होतो, असे प्रयोगांत दिसले आहे. मात्रा वाढली की तेच पीक खुरटते. बाटलीवर घटक, प्रमाण आणि खत नियंत्रण आदेश 1985 खालची नोंदणी नसेल, दुकानदार पक्की पावती देत नसेल, तर घेऊ नका. माझे मत विचाराल तर मराठवाड्यातल्या चुनखडीच्या काळ्या रानात आधी जस्त आणि लोहाची कमतरता बघा; माती परीक्षण बऱ्याच जणांचे राहिलेलेच असते. पाऊस लांबला तर 13:0:45 (पोटॅशियम नायट्रेट) या खताची 1 टक्का फवारणी, म्हणजे 10 लिटर पाण्याला 100 ग्रॅम, आणि वेळेवर कोळपणी. जिवाणूच हवे असतील तर परभणीच्या कृषी विद्यापीठाचे बायोमिक्स हे उपयुक्त सूक्ष्मजीवांचे मिश्रण आहे.

कोणी सेलेनाइट आधीच ड्रममध्ये ओतले असेल, तर ते शेतात, नाल्यात किंवा विहिरीजवळ सांडू नका. हातमोजे घालून झाकण घट्ट लावा, ड्रम गोठ्यापासून आणि लेकरांपासून लांब ठेवा, त्यावर मोठ्या अक्षरांत 'विष' लिहा आणि तालुका कृषी कार्यालयात कळवा. जनावराने तोंड लावले असेल तर वाट न बघता पशुवैद्यकाला बोलवा आणि ड्रममध्ये काय व किती टाकले ते त्यांना खरेखरे सांगा.