विचारा बिनधास्त: बावीस भाग झाले, पण झालं काय?

या खेपेला ॲनिमेवालेच (जपानी कार्टूनवाले) जास्त आलेत. मागच्या महिन्यात कापसाचे भाव आणि बारावीनंतर काय, या महिन्यात डायरेक्ट जादूच्या पोरी. चला, बदल बरा. तीन प्रश्न घेतलेत, बाकीच्यांनी रागावू नका.

प्रश्न: ताई, मी आणि माझी अमळनेरची मावसबहीण, आम्ही सुट्टीत 'कार्डकॅप्टर साकुरा: क्लिअर कार्ड' पूर्ण बघितलं, सगळे २२ भाग. जुनी साकुरा, जादूची कार्डं पकडणारी शाळकरी पोरगी, आमची जीव की प्राण. पण शेवटचा भाग संपला आणि बहीण माझ्याकडे बघून म्हणते, "मंग काय व्हयनं?" मला सांगताच येईना. आमचं लक्ष नव्हतं की स्टोरीच नव्हती?
*एक वाचक, भुसावळ*

उत्तर: लक्ष होतं गं तुमचं. मी पण बघितलंय आणि माझंही तेच झालं, आणि राग याचा जास्त येतो की माणसं सगळी जुनीच होती. स्टुडिओ मॅडहाउस, दिग्दर्शक मोरिओ असाका, मूळ मांगा (म्हणजे जपानी कॉमिक) क्लॅम्प या चित्रकर्तींच्या गटाचीच, चित्रं तर पहिल्यापेक्षा देखणी, ती काचेसारखी आरपार कार्डं बघून डोळे निवतात. म्हणजे हाताला गुण नाही असं म्हणायला जागाच नाही.

बरेच जण म्हणतात की दर भागात एक कार्ड पकडायचं हा फॉर्म्युलाच बोर आहे. मला नाही पटत. १९९८ ते २००० मधल्या जुन्या ७० भागांतही तेच चालायचं ना भो, उलट मांगात कार्डं होती १९ आणि टीव्हीवर केली ५२, म्हणजे सरळसरळ भरती केलेली. तरी आपण बघत बसलो. का, तर मिररचं, म्हणजे आरशाचं, कार्ड आठव. ते साकुराचं रूप घेऊन गावात खोड्या करतं, मग तिच्या दादाला, तोयाला, जंगलात नेतं आणि तिथे तो पडतो, पायाला लागतं त्याच्या. ही आपली बहीण नाही हे त्याला कळलेलं असतं, तरी तो तिच्याशी नीट वागतो, ओरडत नाही, आणि त्या कार्डालाच वाईट वाटतं. पुढे साकुरा तापाने फणफणते तेव्हा हेच कार्ड तिच्या जागी घरात थांबतं आणि तोया परत ओळखतो. बघ, एका कार्डातून भाऊ कसा आहे ते कळलं, आणि हाच भाऊ नंतर त्याचा मित्र युकितो नाहीसा होऊ नये म्हणून स्वतःची सगळी शक्ती देऊन टाकतो, ज्या शक्तीने त्याला वारलेली आई दिसायची ती. तिथे मी रडले होते, सांगायला लाज कसली.

आता क्लिअर कार्ड. साकुरा सातवीत गेली, जुनी कार्डं कोरी पडली, नवीन यायला लागली. सुरुवात जबरदस्त आहे हे मान्य. पण वाऱ्याचं 'गेल' म्हणजे जुनी 'विंडी'च, पाण्याचं 'अ‍ॅक्वा' म्हणजे 'वॉटरी'च, ती येतात, साकुरा काठी फिरवते, कार्ड हातात, मग डबा खायचा, केक करायचा, मैत्रीण तोमोयोने नवीन ड्रेस शिवायचा, की भाग संपला. सातवा भाग काढून टाक आणि आठवा बघ, काही अडतं का? नाही अडत. कार्डं का येतात ते तिच्या लाडक्या शाओरानला माहीत असतं, जादूगार एरिओलला माहीत असतं, आपल्यालाही कळतं, फक्त जिची गोष्ट आहे तिलाच कोणी सांगत नाही, आणि ती पण विचारायचं सोडून देते. सोयरिकीला आलेले पाहुणे तीन-तीन कप चहा पितात, पोह्यांचं कौतुक करतात आणि पोरगी पसंत आहे का ते न सांगताच उठतात ना, तसं ते सगळं. वर तो काइतो नावाचा जादूगार वेळच मागे फिरवतो, म्हणजे जे थोडंफार घडलेलं तेही पुसलं. वेळेच्या जादूची किंमत त्यालाच मोजावी लागते हे मला खरं तर सगळ्यात आवडलं असतं, पण त्याचाही नुसता इशाराच.

कारण तसं साधं आहे. मांगा सुरू झाली २०१६ ला आणि संपली २०२३ च्या शेवटी, ॲनिमे आला २०१८ ला. पुढे काय ते पडद्यावर आणायला नव्हतंच, मग आहे तेच ताणलं. पुढचा सीझन येणार असं २०२३ मध्ये जाहीर झालंय, त्यामुळे मावसबहिणीला सांग, अजून व्हायचंय. पण माझं मत विचारशील तर "पुढे येणार आहे" ही सबब मी ऐकून घेणार नाही. २२ भाग म्हणजे एका पोरीची जवळजवळ नऊ तास सुट्टी खाल्ली, त्यात तिला एक तरी गोष्ट पूर्ण मिळायला पाहिजे होती.

प्रश्न: नमस्कार. आमची मुलगी सेलर मून बघते, तेही जादूच्या पोरींचंच ॲनिमे. मी शेजारी बसलो की दर भागात तेच गोल गोल फिरणं, तीच रिबीन, तेच नखांना पॉलिश. एवढी कमाई करतात, दर वेळी नवीन चित्रं काढायला काय जातं? की आळस?
*एक बाप, धुळे*

उत्तर: दादा, आळस नाही, हिशोब आहे. १९९२ ते १९९७ मध्ये दर आठवड्याला एक असे २०० भाग काढलेत तोएई ॲनिमेशनने, आणि चित्रं हाताने. एकदा भारी मेहनत घेऊन पोरीचं रूप बदलायचा तो तुकडा काढायचा आणि दर भागात चिकटवायचा, त्याला तिकडे 'बँक' म्हणतात. तेवढा वेळ आणि पैसा वाचतो. शिवाय हातातली कांडी, लॉकेट दर आठवड्याला नीट जवळून दिसते आणि दुकानात तीच विकायला असते, हे तुमच्या खिशाला कळलं असेलच.

खेळणीवाल्यांचा या प्रकारावर फार हात. १९८२ च्या 'मिंकी मोमो'मध्ये खेळण्यांच्या कंपनीने अंग काढून घेतलं तर लेखकांनी ४६ व्या भागात हिरोइनलाच ट्रकखाली घातलं, आणि ट्रकमध्ये काय भरलेलं? खेळणी! (नंतर ती बाळ होऊन परत जन्मते, त्यामुळे मुलीला सांगायला हरकत नाही.)

पुढच्या वेळी घड्याळ लावून बघा. कपडे बदलायच्या आधी पोरींना काही अडचण आहे, कोणाशी भांडण झालंय, कोणी घाबरलंय, तर तो तुकडा शंभराव्यांदा बघतानाही बरा वाटतो. आणि आधी काहीच झालेलं नसेल तर तुम्हाला जांभई येते, त्यात तुमची चूक नाही.

प्रश्न: ताई, मी अकरावीला आहे, जादूच्या मुलींची माझी स्वतःची कॉमिक काढते आहे. जळगाव जिल्ह्यातल्या पंधरा तालुक्यांच्या पंधरा मुली, व्हिलन अवर्षणासुर, तो गिरणा आणि तापी पिऊन टाकतो. पाटणादेवीच्या जंगलात त्यांना शक्ती मिळते. पहिली वीस पानं दाखवली तर मैत्रीण म्हणे छान आहे पण बोर आहे. क्लासमधला एक मुलगा म्हणे 'मादोका' या ॲनिमेसारखं डार्क कर, एकीला मारून टाक. करू का?
*एक वाचक, चाळीसगाव*

उत्तर: अगं पाठवलेली पानं बघितली, चित्रं खूपच सुंदर आहेत, पाटणादेवीचा धबधबा तर मी दोनदा बघितला. आता कडू बोलू का? वीस पानांत पंधरा जणी नाव सांगतात, तालुका सांगतात, शक्ती सांगतात, पोझ देतात. हजेरी झाली ही, गोष्ट कधी सुरू होणार! सेलर मूनमध्ये मुख्य पोरी पाचच, तरी दुसरी आली आठव्या भागात, तिसरी दहाव्यात, चौथी पंचविसाव्यात आणि पाचवी थेट तेहेतिसाव्यात. तोपर्यंत पहिली पोरगी, उसागी, कशी रडकी, कशी झोपाळू, ते आपल्याला पाठ झालेलं असतं. तुझ्या पंधरापैकी कोणाला सकाळी लवकर उठवत नाही? कोणाला घरी काम असतं? मला एकीचंही माहीत नाही.

आणि त्या पोराचं ऐकू नको, म्हणजे अर्धंच ऐक. मादोका २०११ ला आलं, १२ भागांचं, तिसऱ्या भागात मामी नावाची पोरगी मरते आणि सगळे हादरले हे खरं. त्यानंतर कितीतरी जणांनी नुसतं रक्त उचललं. पण तिथे धसका बसतो तो क्यूबे नावाच्या जादुई प्राण्याच्या सौद्याचा. एक इच्छा पूर्ण करून देतो आणि बदल्यात काय घेतलं ते नंतर कळतं, पोरीचा जीव काढून एका जादूच्या रत्नात ठेवलेला असतो. पोरींनी स्वतः हो म्हटलेलं असतं ना, म्हणून लागतं ते.

तुझ्याकडे सौदा तयार आहे आणि तुला दिसत नाहीये. तुझी रावेरची पोरगी पाण्याची शक्ती वापरते, बरोबर? ते पाणी येतं कुठून? तिच्या बापाच्या केळीच्या बागेतल्या विहिरीतून येऊ दे. तिने रूप बदललं की पाणी हातभर खाली. पहिल्या लढाईत तिला माहीतच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाप मोटार चालू करतो, पाइपातून नुसती हवा येते, तो स्टार्टर बघतो, फ्यूज बघतो, लाइनमनला फोन लावतो, आणि ती दारात उभी, ओले केस घेऊन. संध्याकाळी अवर्षणासुर परत येतो. आता ती काय करेल? मला पुढचं पान लगेच पाहिजे, मारामारी नसली तरी चालेल.

म्हणून आधी तिघीच घे. रावेरची ही, चाळीसगावची तू स्वतः असशीलच, आणि पारोळ्याची ती, जी राक्षसाला "चाल, बाजूले व्हय!" म्हणते. तिला हात लावू नको, ती एकटी वीस पानांत जिवंत आहे. बाकीच्या बारा जणींना वहीत बसू दे, आणि विहिरीवाली पानं काढून झाली की पाठव.