येशूच्या नावाने की येशूच्या नावात?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाने नवीन फ्लॅट घेतला, प्रार्थनेला तुम्ही गेलात, पाद्रीसाहेब शेवटी "हे सर्व येशूच्या नावाने मागतो, आमेन" म्हणाले, आणि त्यांच्याच सूनबाई स्वतःच्या प्रार्थनेत "नावात" म्हणाल्या. तर बरोबर कोणतं, आणि हे आपल्या "ज्योतिबाच्या नावानं चांगभलं" सारखंच का, असं विचारलंय.

चांगभलं सारखं नाही. तो जयकार झाला, तिथे मागणं नाही. दारावरचा माणूस "देवाच्या नावाने काही द्या" म्हणतो तेही वेगळं, तो देवाची आठवण करून देतो पण मागतो आपल्याकडे. आणि कोणी उज्जैनला निघालं की आपण शंभर रुपये हातात ठेवून "आमच्या नावाने अभिषेक कर" म्हणतो ना, ते तर अगदी उलटं, कारण तिथे नाव आपलं, पुण्य आपल्या खात्यात. ख्रिस्ती प्रार्थनेत मागणारा आपलं नाव पुढे करतच नाही.

खातं शब्द आलाच आहे तर सांगतो. लहानपणी इंदूरच्या रामबागेत कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे आमची उधारी चालायची. मी हाफपँटमध्ये, खिशात दमडी नाही, शेठ लाल वही उघडून विचारायचा "किसके नाम लिखूँ?", मी अप्पांचं नाव सांगायचो की साखर हातात. माझी पत शून्य होती, चालायची ती अप्पांची. जमाखर्चात आपण जमा आणि नावे म्हणतो, त्यातलं नावे हेच, ज्याच्या खात्यावर पडतं तो. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात (14:13) येशू शिष्यांना सांगतो की माझ्या नावाने जे मागाल ते मी करीन, तिथला अर्थ याच्या फार जवळ आहे. म्हणजे माझ्या लायकीवर नाही, त्याच्या शब्दावर मागतोय.

पण याला दुसरी बाजू आहे. एकदा मी साखरेबरोबर पावभर सेवही अप्पांच्या नावाने उचलली. शेठने बिनबोभाट दिली, महिनाअखेरीला अप्पांनी वही बघितली आणि विचारलं, "सेव मी कधी मागवली होती?" नाव त्यांचंच होतं, सांगणं त्यांचं नव्हतं. म्हणूनच जाणती ख्रिस्ती मंडळी म्हणतात की जे येशूने स्वतः मागितलं नसतं त्याच्यापुढे ही शेपटी जोडली तरी ते त्याच्या नावाने होत नाही, आणि योहानाच्या पहिल्या पत्रातही (5:14) देवाच्या इच्छेप्रमाणे मागण्याची अट आहेच. मंत्र तर मुळीच नाही. बायबलमधल्याच प्रेषितांच्या कृत्यांत (अध्याय 19) एक भारी किस्सा आहे, इफिस शहरात एका यहूदी याजकाचे सात मुलगे येशूचं नाव घेऊन भूत उतरवायला जातात, तर भूत म्हणतं येशू माहीत आहे, पौलही (येशूचा प्रेषित) माहीत आहे, तुम्ही कोण? आणि असा चोप देतं की सातही जण उघडे पळतात. गंमत म्हणजे येशूने स्वतः शिकवलेल्या "हे आमच्या स्वर्गातील पित्या" या प्रार्थनेच्या शेवटी हे शब्द नाहीतच, म्हणजे न म्हटल्याने प्रार्थना फुकट जाते असंही नाही. कॅथलिक मंडळी बऱ्याचदा "आमचा प्रभू ख्रिस्त याच्याद्वारे" म्हणून संपवतात, मतलब तोच.

आता नावाने की नावात. योहानाच्या त्या वचनाच्या मूळ ग्रीकमध्ये "एन" हा शब्द आहे, त्याचा साधा अर्थ "मध्ये", पण त्या काळच्या ग्रीकमध्ये तो "ने" चंही काम करायचा, हिब्रूतल्या "ब" सारखा. बायबलच्या जुन्या, हिब्रू भागात दावीद महाकाय योद्धा गल्याथासमोर परमेश्वराच्या नावाने येतो तिथे हाच "ब" आहे. म्हणजे शाळेतल्या भाषेत सांगायचं तर तृतीया आणि सप्तमी दोन्ही एकाच शब्दात. मराठीत तशी सोय नाही, एक निवडावंच लागतं, आणि अधिकाराची गोष्ट असली की आपण "ने" निवडतो. सरकारच्या नावाने नोटीस येते, सरकारच्या नावात नाही. म्हणून पाद्रीसाहेबांचं मराठी मला जास्त पटतं. सूनबाईंचं "नावात" चूक म्हणणार नाही, इंदूरात हिंदी प्रार्थना कानावर पडतातच, त्यांत "यीशु के नाम से" आणि "यीशु के नाम में" दोन्ही चालतं, आणि "में" चं "त" व्हायला इथे कितीसा वेळ लागतो, आपण घरात दिवसभर तेच तर करतो. फक्त त्या शेवटी "आमीन" म्हणाल्या की "आमेन" ते ऐकलंत का? आमीन असेल तर "नावात" हिंदीतूनच आलंय म्हणून समजा.