‘पाण्याचा प्रॉब्लेम नाही’ या उत्तराचा कायदेशीर अर्थ

प्रश्न : पुण्यात सिंहगड रस्त्याजवळ, मुठेच्या बाजूला असलेल्या एका जुन्या सोसायटीतील तळमजल्याची सदनिका मी मूळ मालकाकडून ७८ लाखांना विकत घेत आहे. घर फेब्रुवारीत पाहिले, मार्चमध्ये नोटरीपुढे विसार पावती झाली. तेव्हा २ लाख रुपये विसार म्हणून आणि पुढे ९ लाख रुपये दिले. आता वॉचमनकडून कळले की २५ जुलै २०२४ च्या पुरात या घरात कमरेइतके पाणी होते. इमारत निळ्या पूररेषेच्या आत असल्याचेही समजते. मालक म्हणतात, ३० तारखेपर्यंत खरेदीखत करा, अन्यथा सर्व रक्कम जप्त. व्यवहार मोडून पैसे परत मिळतील का?

उत्तर : कोणाच्या खिडकीसमोर मंगल कार्यालय निघते, कोणाच्या घरी वारा फिरला की कचरा डेपोचा वास येतो, तुमच्या घरात नदी येऊन गेलेली असते. अशा पत्रांची माझ्याकडे एक जाडजूड फाइल झाली आहे. लोक घर पाहायला फेब्रुवारीत जातात आणि मला पत्र जुलैत लिहितात. विसाराचा धनादेश देण्याआधी एक पत्र लिहिले असते, तर त्याचे उत्तर दोन ओळींत संपले असते. आता तसे होणार नाही.

महारेराकडे, म्हणजे विकासकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, जाण्याचा तुमचा विचार सोडून द्या. तुमचा विक्रेता विकासक नाही, स्वतःचे राहते घर विकणारा माणूस आहे. ग्राहक आयोगातही त्याच्याविरुद्ध तक्रार टिकेल असे मला वाटत नाही.

तुमच्या पत्राची तीन पाने निळ्या पूररेषेवर खर्च झाली आहेत आणि तोच तुमचा सर्वांत दुबळा मुद्दा आहे. साधारणपणे पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची पातळी निळी रेषा दाखवते, शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचे क्षेत्र निषिद्ध मानले जाते, आणि म्हणून पुढे सोसायटीच्या पुनर्विकासाची वेळ आली की त्याचा त्रास होऊ शकतो, हे खरे. इंद्रायणीकाठी चिखलीत निळ्या रेषेतील ३६ बंगले मे २०२५ मध्ये पाडले गेले, त्यामुळे तुम्ही धास्तावलात हेही समजू शकते. तुमच्या इमारतीची परवानगी रेषा आखण्यापूर्वीची आहे की नंतरची, हे पाहिल्याशिवाय ती तुलना करू नये. पण या रेषा नकाशावर असतात आणि तो नकाशा कोणालाही पाहता येतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार विक्रेत्याने मिळकतीतील महत्त्वाचा दोष उघड केलाच पाहिजे, मात्र तो दोष त्याला माहीत असलेला, खरेदीदाराला माहीत नसलेला आणि खरेदीदाराने सामान्य काळजी घेऊनही त्याच्या लक्षात येण्याजोगा नसलेला असावा लागतो. झोन दाखला आणि भाग नकाशा (मिळकत कोणत्या क्षेत्रात येते ते दाखवणारे कागद) न काढता ११ लाख रुपये देणाऱ्याने सामान्य काळजी घेतली, असे न्यायाधीशांना पटवून देण्याची जबाबदारी मी स्वतःहून घेणार नाही.

दुसरी अडचण तुम्हीच मला पाठवली आहे. हॉलच्या छायाचित्रात सगळे प्लग जमिनीपासून चार फुटांवर आहेत, त्यांच्या खालच्या पट्ट्यातला रंग वरच्यापेक्षा ताजा आहे, आणि न्हाणीघराच्या दाराची चौकट तळाशी फुगलेली आहे. हे छायाचित्र तुम्ही फेब्रुवारीत काढले, घरच्यांना दाखवले आणि पडद्यांचा रंग ठरवला. विक्रेत्याचा वकील हेच छायाचित्र पुढे ठेवून विचारेल की टीव्हीचा प्लग इतक्या उंचीवर का, हा प्रश्न तुम्हाला पडला कसा नाही. त्यातच विसार पावतीत तुम्ही सही केलेले वाक्य असे आहे : ‘खरेदीदाराने मिळकतीची समक्ष पाहणी करून सर्व बाबींची खात्री करून घेतली असून त्याबाबत भविष्यात कोणतीही तक्रार करणार नाही.’

इतके असूनही तुमची बाजू संपलेली नाही, आणि त्याचे कारण भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १९ मधील अपवादाच्या शब्दरचनेत आहे. फसवणुकीने किंवा चुकीच्या निवेदनाने मिळवलेली संमती असेल तर करार रद्द करता येतो, पण संमती चुकीच्या निवेदनामुळे किंवा फसवणूक ठरेल अशा मौनामुळे मिळाली असेल आणि साधी चौकशी करून सत्य कळण्याची सोय खरेदीदाराला असेल, तर तो करार रद्द करता येत नाही, असे हा अपवाद सांगतो. जाणूनबुजून सांगितलेले धडधडीत खोटे या अपवादात येत नाही. म्हणजे विक्रेता नुसता गप्प बसला असेल, तर तुमचा निष्काळजीपणा तुम्हाला भोवतो. पण तुम्ही विचारले असेल आणि त्याने माहीत असूनही खोटे सांगितले असेल, तर ‘तुम्ही चौकशी का केली नाही’ हे त्याला म्हणता येत नाही, आणि पाहणी केल्याचे ते छापील वाक्यही त्याला वाचवेल असे मला वाटत नाही.

तेव्हा सगळा प्रश्न तुम्ही पत्रात जाता जाता उल्लेख केलेल्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशांवर येऊन थांबतो. तुम्ही विचारलेत : ‘पावसाळ्यात वगैरे पाण्याचा काही प्रॉब्लेम नाही ना?’ मालकांचे उत्तर : ‘पाण्याचा काहीच प्रॉब्लेम नाही.’ तीन मिनिटांनी त्यांचा दुसरा संदेश : ‘टँकर कधीच मागवावा लागला नाही.’ पुण्यात घर घेताना पाण्याचा प्रॉब्लेम म्हणजे नळाला पाणी नसणे, घरात पाणी असणे नव्हे, असा युक्तिवाद होणार आणि टँकरचे वाक्य त्याला बळ देणार. तुमच्या बाजूने एकच शब्द आहे, तो म्हणजे ‘पावसाळ्यात’. टँकरची चिंता लोक उन्हाळ्यात करतात. नदीकाठच्या तळमजल्याबद्दल पावसाळ्याचे नाव घेऊन कोणी पाण्याविषयी विचारतो, तेव्हा त्याला काय विचारायचे आहे, हे ज्याच्या घरात खडकवासल्यातून सोडलेल्या सुमारे ३५ हजार क्युसेकचे पाणी शिरले होते त्याला कळत नव्हते, हे मानणे कठीण आहे. हा युक्तिवाद चांगला आहे. निर्णायक आहे असे मी म्हणणार नाही. संदेश पुसू नका, फोन बदलू नका. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे हे संदेश पुरावा म्हणून देताना त्यांच्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागेल.

विक्रेत्याला पुराची माहिती होती, हेही सिद्ध करावे लागेल, आणि वॉचमन साक्षीला उभा राहील या भरवशावर राहू नका. त्या पुरानंतर या भागात घरांच्या नुकसानीचे पंचनामे झाले होते. तुमच्या विक्रेत्याच्या नावाने पंचनामा असेल, त्यावर त्याची सही असेल आणि मदतीची रक्कम त्याच्या खात्यात गेली असेल, तर त्यापेक्षा भक्कम कागद मिळणार नाही. माहितीच्या अधिकारात तहसील कार्यालयाकडे अर्ज करा. त्रयस्थाची खासगी माहिती म्हणून नकार येऊ शकतो, तरीही अर्ज आजच करा. सोसायटीच्या त्या काळातील सभेचे इतिवृत्तही पाहायला मागा. पंप आणि मीटर बदलल्याचा ठराव त्यात बहुधा असेल.

पैशांबाबत मालकांची धमकी दिसते तितकी मोठी नाही. सर्वोच्च न्यायालयाने सतीश बत्रा विरुद्ध सुधीर रावल या २०१२ च्या निर्णयात म्हटल्याप्रमाणे, व्यवहार पुरा करण्याची हमी म्हणून दिलेला विसार जप्त होऊ शकतो, किमतीचा भाग म्हणून दिलेली रक्कम त्या नावाखाली जप्त करता येत नाही. तुमच्या पावतीत २ लाखांना ‘विसार’ आणि पुढच्या ९ लाखांना ‘किमतीपोटी’ म्हटले आहे. म्हणजे अगदी वाईट निकाल लागला तरी धोका मुख्यतः २ लाखांचा आहे, अर्थात नुकसानभरपाईचा प्रतिदावा ते करू शकतात. पोलिसांत फसवणुकीची तक्रार देण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी दिलेला दिसतो. या संदेशांच्या जोरावर मी तो देणार नाही.

दिवाणी न्यायालयातल्या दाव्यात पहिली दोन वर्षे समन्स, कैफियत आणि तारखा यांतच जातील, आणि हे तुमच्या विक्रेत्यालाही पक्के ठाऊक आहे. म्हणून ३० तारखेपर्यंतचे हे १९ दिवस दाव्यापेक्षा मोलाचे आहेत. ३० तारीख गप्प राहून उलटू दिलीत, तर कराराचा भंग तुम्ही केलात असे चित्र उभे राहील. घाबरून खरेदीखत केलेत, तर सगळे माहीत असून घर घेतलेत असे ठरेल आणि वर लिहिलेले काहीही उपयोगी पडणार नाही. याच आठवड्यात मालकांना स्पीड पोस्टाने, पोच मिळेल अशा रीतीने, पत्र पाठवा आणि तेच व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका. त्यात धमकी नको, कलमे नकोत. उरलेली रक्कम तयार असल्याचे, म्हणजे कर्जमंजुरीचे पत्र हाती असल्याचे लिहा. अमुक तारखेला तुम्ही काय विचारले होते आणि त्यांनी काय उत्तर दिले होते, ते शब्दशः उतरवा. नंतर एकच प्रश्न विचारा आणि सात दिवसांत लेखी उत्तर मागा : २५ जुलै २०२४ रोजी या सदनिकेत पुराचे पाणी शिरले होते की नाही, शिरले असल्यास किती उंचीपर्यंत, आणि त्याबद्दल शासनाकडून मदत घेतली होती का.

‘हो’ असे उत्तर आले तर ते आणि पहिले संदेश शेजारी ठेवून करार रद्द केल्याची नोटीस ३० तारखेच्या आत द्यायची आहे. ‘नाही’ आले आणि पंचनामा हाती लागला तर अधिकच बरे. उत्तरच आले नाही तरी नोटीस त्या तारखेच्या आतच जायला हवी. नोटिशीचा मसुदा स्थानिक वकिलाकडून करून घ्या, पण हे पहिले पत्र तुमच्याच साध्या मराठीत असू द्या. या वेळी मात्र ‘पाण्याचा प्रॉब्लेम’ असे लिहू नका.