मामाजींची शुगर आणि घरची धिंगरी

ताई, तुम्ही विचारलंत ते असं: मामाजींना, म्हणजे तुमच्या सासऱ्यांना, शुगर आहे, घरात दोन्ही वेळ भातच असतो, दिरांनी यंदा तणसावर धिंगरी (ऑयस्टर मशरूम, अळिंबीचाच एक प्रकार) लावली आहे, आणि गावात कुणीतरी सांगितलं की रोज धिंगरी खाल्ली की शुगर जाते, गोळी सुटते. हे खरं का, आणि खायला द्यायची तर कशी? मी भंडाऱ्याकडची, भातावरच वाढलेली, स्वतः शुगरची पेशंट आहे. हिवाळाभर आमच्याकडे धिंगरी असते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी गोळीचं. ती बंद करू नका. अळिंबीने शुगर जात नाही. तिच्यातल्या बीटा-ग्लुकन नावाच्या तंतूंवर अभ्यास झालेत, पण गोळीच्या जागी धिंगरी द्यावी असं त्यातून काही निघालेलं नाही. शुगर घालवणारी म्हणून कुणी पावडरची डबी विकायला आलं, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

तरीही धिंगरी जरूर द्या, कारण ताटातली जागा ती चांगली भरते. 100 ग्रॅम ताज्या धिंगरीत कर्बोदकं 6 ग्रॅमच्या आसपास, बटण अळिंबीत तर त्याहून कमी. तेवढ्याच वजनाच्या शिजलेल्या भातात ती 28 ग्रॅमच्या घरात जातात. म्हणजे सगळा खेळ भात किती कमी झाला यावर आहे. भाताचा ढीग तसाच ठेवून बाजूला धिंगरी वाढली, तर शुगर मोजायच्या मीटरवर काहीच फरक दिसणार नाही. उलट रस्सा झणझणीत झाला की भात दुप्पट जातो. आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, हे घरोघरी दिसतं. म्हणून भात एक वाटी, मोजून, आणि तोही शेवटी. आधी धिंगरीची भाजी दोन वाट्या आणि घट्ट वरण खाऊ द्या. ज्येष्ठ माणसाच्या ताटातला भात कमी करताना सुनेचा हात अडखळतो, मला माहीत आहे. पण भाजी भरपूर असली की ताट रिकामं वाटत नाही, आणि मामाजी उपाशीही राहत नाहीत.

वरण सोडू नका, हे मुद्दाम सांगते. धिंगरीत मटणाएवढी प्रथिनं असतात असं सर्रास बोललं जातं. तो आकडा वाळलेल्या धिंगरीचा. ताजीत जवळपास 90 टक्के पाणी, प्रथिनं 100 ग्रॅममागे जेमतेम 3 ग्रॅम. तुरीचं वरण, लाखोळीची डाळ, अंडं यांची बरोबरी ती करू शकत नाही.

आता रांधायचं. खरी गडबड इथेच होते. सावजी पद्धतीचा रस्सा, वर बोटभर तेलाचा तवंग, दाटपणासाठी बेसन नाहीतर भाजलेली ज्वारी: मग धिंगरीचा हलकेपणा राहिला कुठे? मी अशी करते. धिंगरी पाण्यात भिजत घालायची नाही, चटकन धुऊन निथळून घ्यायची. बुडाचा चिवट देठ कापून टाकायचा, बाकी हातानेच उभी फाडायची. पसरट कढई चांगली तापवून त्यात तेल न घालता टाकायची, झाकण ठेवायचं नाही. पाणी सुटतं, कढईभर दिसतं. घाबरायचं नाही, सराट्याने हलवत ते आटू द्यायचं. कडा तांबूस झाल्या, वास बदलला, की बाजूला सारून दोन चमचे तेलात लसूण, कांदा, तिखट, एखादं भेदरं (टोमॅटो) आणि वरून सांबार (कोथिंबीर). जवसाची भरडलेली चटणी चमचाभर पेरली की चव खुलते. पाणी आटण्याआधी तेल-मीठ घातलं तर भाजी रबरासारखी होते आणि मामाजी दुसऱ्यांदा मागणार नाहीत. कापलेली धिंगरी रांधण्याआधी अर्धा-एक तास उन्हात ठेवली तर तिच्यात ड जीवनसत्त्वही तयार होतं.

फरक पडतो की नाही हे मीटर सांगेल. जेवणाच्या पहिल्या घासापासून दोन तासांनी मोजा. एक दिवस नेहमीचं जेवण, दुसऱ्या दिवशी हे, आणि दोन्ही आकडे वहीत लिहा.

एक धोका मात्र आहे. मामाजी ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन घेत असतील, तर भात एकदम कमी केल्यावर शुगर खाली जाऊ शकते. घाम, थरथर, छातीत धडधड, बोलण्यात गोंधळ. असं दिसलं की मोजा आणि तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी परत मोजा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा. म्हणून भात कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगा, डोस तेच ठरवतील. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) वाढलेलं असेल तर धिंगरीतल्या पोटॅशियमबद्दल विचारा. सांधे सुजत असतील, युरिक अॅसिड जास्त असेल, तर रोज नको.

दिरांसाठी दोन गोष्टी. घरी खायची असेल तर तणीस औषधाच्या पाण्यात न बुडवता गरम पाण्याने निर्जंतुक करा. आणि छत्रीच्या कडा पातळ होऊन वर वळायच्या आत तोडणी करा. उशीर झाला की बीजाणू (अळिंबीची धुळीसारखी बारीक बीजं) उडतात, खोकला लागतो. मामाजी झोपतात त्या खोलीत धिंगरीच्या पिशव्या टांगू नका.

पावसाळ्यातल्या सात्यांचंही (रानात उगवणाऱ्या अळिंबीचंही) तुम्ही विचारलंय. वारुळावरच्या सात्यांची चव धिंगरीला नाही, हे मी मान्य करते. पण पिढ्यान्‌पिढ्या रानातून आणणाऱ्या, ओळखीच्या माणसाकडूनच घ्या. चांदीचं नाणं काळं पडत नाही, लसूण रंग बदलत नाही, किड्याने खाल्लंय म्हणजे चालतं, या सगळ्या परीक्षा खोट्या आहेत. सगळ्यात विषारी जातींचं विष शिजवूनही जात नाही. उलट्या-जुलाब सहा ते चोवीस तासांनी सुरू होतात, मग मध्येच बरं वाटतं आणि तेवढ्यात यकृत निकामी होत असतं. शंका आली की उरलेली भाजी सोबत घेऊन जिल्ह्याच्या दवाखान्यात जा, गावात थांबू नका.

मामाजींच्या गोळीचं नाव आणि क्रिएटिनिनचा आकडा कळवा, म्हणजे डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं ते सांगता येईल. तोवर भाताची वाटी ठरवून घ्या, आणि ती रोज तीच ठेवा.