डॉकरफाइल: एकाच एन्व्ह ओळीत बदललेलं मूल्य लगेच का मिळत नाही?

डॉकरफाइल म्हणजे ॲपचं तयार पॅकेज (इमेज) कसं बनवायचं ते डॉकरला सांगणाऱ्या सूचनांची फाइल, आणि एन्व्ह (ENV) ही त्यात व्हेरिएबलला मूल्य देणारी सूचना. लोकलच्या वेळा दाखवणाऱ्या तुमच्या ॲपच्या डॉकरफाइलमध्ये आधी ‘एन्व्ह स्टेशन=दादर’ आहे, मग ‘एन्व्ह स्टेशन=कुर्ला इंडिकेटर=$स्टेशन’. इंडिकेटरमध्ये कुर्ल्याऐवजी दादर येतंय, आणि ते नियमाप्रमाणेच आहे. डॉकर एका सूचनेतले सगळे व्हेरिएबल ती सूचना सुरू होण्याआधीच्या मूल्यांनी भरतो. त्यामुळे त्या अख्ख्या ओळीपुरतं स्टेशन दादरच राहतं. कुर्ला पुढच्या सूचनेपासून लागू होतं. इंडिकेटरसाठी वेगळी एन्व्ह ओळ लिहा, काम होईल. बॅकस्लॅश देऊन खालच्या ओळीवर नेलंत तर मात्र काहीच बदलणार नाही, कारण सूचना एकच राहते. बहुतेक जण इथेच अडकतात.

रन (RUN, इमेज बनवताना कमांड चालवणारी सूचना) आणि सीएमडी (CMD, इमेज सुरू केल्यावर चालणारी कमांड) यांचं गणित निराळं. तिथे व्हेरिएबलच्या जागी मूल्य बिल्डर (इमेज बनवणारा डॉकरचा भाग) नाही, तर शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) भरतं. म्हणून रनमध्ये एक्स्पोर्ट केलेलं मूल्य त्याच रनमध्ये पुढे वापरता येतं, पण पुढच्या रनपर्यंत टिकत नाही. सीएमडी चौकोनी कंसात लिहिली असेल तर मध्ये शेलच नसतं, मग $स्टेशन जसंच्या तसं प्रोग्रामकडे जातं.

आणखी एक: फ्रॉमच्या (FROM, मूळ इमेज सांगणारी सूचना) आधी लिहिलेला आर्ग (ARG, फक्त इमेज बनवतानाचं व्हेरिएबल) फ्रॉमनंतर हवा असेल, तर तिथे ‘आर्ग’ आणि नाव पुन्हा लिहावं लागतं.