मंडपात कोण हसतं ते बघ

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. येत्या हंगामासाठी नाटक लिहायचं म्हणतेस आणि विषयही पक्का केला आहेस. मालिका आणि मोबाइलपायी गावाचे संस्कार कसे बुडाले. तीन अंक, शेवटी सुनेला पश्चात्ताप. लिहिलंस तर एखादं मंडळ घेईलही, असली नाटकं वडशाला, नाटक कंपन्यांच्या गावी, खपतात. पण विचारलंस म्हणून सांगतो, त्यात तुझं काहीच नाही. पारावर बसलेला कोणताही म्हातारा हे भाषण फुकटात ठोकतो.

टीव्हीबद्दल आज जे बोलतात, तेच आमच्या लहानपणी नाटकाबद्दल बोलत. बाया रात्रभर जागतात, दुसऱ्या गावच्या पोट्ट्यांना बघतात, घरं मोडतील! घरं काही मोडली नाहीत. उलट नाटकाच्या निमित्तानं पाहुणे आले, पोरगी डोळ्याखालून गेली आणि सोयरीक जमली, अशी घरं आपल्या गावात किती आहेत ते आजीला विचार. तेव्हा ‘कशानं बिघडलं’ हा प्रश्न सोड. मंडपात लोक आधी कशाला हसत होते आणि आता कशाला हसत नाहीत, तेवढं बघत जा.

दारुड्याचंच घे. झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या, नाटकात विनोदी दारुडा म्हणजे हक्काचं गिऱ्हाईक. तो झुलत यायचा, खिशातून रिकामी शिशी काढून तोंडाला लावायचा, थेंब पडेना म्हणून तळवा ठोकायचा, मग शिशीत बोट घालून चाटायचा. हे पाच मिनिटं चाले. मग बायको आली की चप्पल काढून तिच्या पाठीत. लोक तणशीवर लोळून हसत, बायाही हसत. मी प्रॉम्प्टरच्या जागेवरून हे कितीदा पाहिलं आहे.

मग हळूहळू त्या जागेचं हसू पातळ झालं. शिशीपर्यंत सगळा मंडप हसायचा, पण चप्पल उचलली की बायांची बाजू गप्प. एका गावी तर मागून आवाज आला, “हाण त्याले, बाई!” आणि टाळ्या पडल्या. नट हुशार होता, त्यानं तिथल्या तिथं चप्पल बायकोच्या हातात जाऊ दिली. पुढल्या प्रयोगांत ती तिच्याच हातात राहिली. वहीत मात्र जुनंच लिहिलेलं होतं.

हे कुठून आलं? आमच्या कोणा लेखकाच्या डोक्यातून नक्कीच नाही. गडचिरोलीत 1993 ला दारूबंदी झाली, त्याआधी कित्येक वर्षं गावोगावी बायांच्या बैठका होत होत्या. पुढे चंद्रपूरच्या बाया 2010 मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधानभवनावर पायी गेल्या, 2015 ला तिथंही बंदी आली, 2021 ला उठली. बंदीनं दारू किती थांबली हा वेगळा वाद आहे, त्यात मी पडत नाही. पण ज्या बाईनं दिवसा भट्टीवरचे माठ फोडले, ती रात्री नाटकात मार खाणाऱ्या बाईला कशी हसेल? माणसं आधी बदलली, नाटक त्यांच्या मागून धापा टाकत आलं. बहुतेक वेळा असंच होतं. लोकांच्या मनात अर्धवट पिकलेली गोष्ट आम्ही ऑर्गन-तबल्यावर मोठ्यानं म्हणतो, आणि मग ती चारचौघांत बोलायला माणूस लाजत नाही. आमचं काम एवढंच, पण तेही लहान नाही.

भुलाबाईची गाणी तूही म्हटली असशील. माहेरी जायचं म्हणून सून सासूला विचारते, सासू कारल्याचा वेल लावायला सांगते, मग वेल वाढू दे, मग कारलं येऊ दे, मग भाजी कर. तुझ्या आजीला ते गाणं म्हणताना भरून येई. आता शाळेच्या गॅदरिंगला आठवीतल्या पोरी तेच गाणं खिदळत म्हणतात. शब्द तेच, वेलही तोच. मधल्या काळात कोणी नवं गाणं रचून सासू सुधारली नाही. मधे पोरींना शिकायला नेणारी सरकारी ‘मानव विकास’ योजनेची निळी बस आली, पोरी तालुक्याच्या कॉलेजात जाऊ लागल्या, माहेरी फोन लागू लागला. परवानगी मागणारी सून त्यांना गमतीची वाटते, यातच काय ते आलं. यावर तू एक प्रवेश लिहिलास तर मी तुझं अख्खं पश्चात्तापाचं नाटक त्यावरून ओवाळून टाकीन.

म्हणजे मोबाइलनं काहीच केलं नाही का? केलं. पण तू म्हणतेस ते नाही. नाटकाला माणूस आई, बायको, पोरगी, सोयरे सगळ्यांच्या मधे बसतो. घाणेरडा विनोद झाला की त्याला आधी बाजूला बघावं लागतं, मग हसावं लागतं. रील तो एकटा बघतो, पांघरुणात. तिथं बाजूला बघायला कोणी नाही. त्यामुळे एकाच माणसाची दोन मापं झाली आहेत, मंडपातलं एक आणि खिशातलं एक. (आपली रंगभूमी धुतल्या तांदळासारखी आहे असं समजू नकोस. नाटकाला जोडलेला नाचगाण्यांचा ‘डान्स हंगामा’ रील्सनी नाही आणला, तिकीट खपवायला तो आपल्याच लोकांनी आणला.) बायकोला मंचावर मारलेलं न चालणारा तोच माणूस फोनवर काय फॉरवर्ड करतो, हे तुझ्या पिढीला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. नाटक तिथं आहे, बघ.

आणि हळदीकडेही बघ. पूर्वी अंगणात चार बाया जमून हळद लागे. आता पिवळा मांडव, पिवळे कपडे, डीजे, फोटोवाला. पोरीला हवं ते मिळालं, ती नाचते, हे मला आवडतं. पण धानाच्या दोन बांध्या कोणाच्या विकल्या गेल्या? मुलीच्या बापाच्याच. वरून नवं दिसतं ते आतून जुनंच असू शकतं, आणि जुन्या सुरातून नवी गोष्टही सांगता येते. गाडगेबाबा कीर्तनच करत होते, कथेचा साचा जुनाच. पण ते मधेच थांबून समोरच्या माणसाला प्रश्न विचारत. कर्ज काढून लग्न करता का? देवापुढे बकरं मारता का? उत्तर लोकांच्याच तोंडून काढत. तुकडोजी महाराजांनी खंजिरी घेतली आणि भजनातून गाव झाडायला लावलं. दोघंही आपल्या अमरावतीकडचे. तुला उपदेश करायचाच असेल तर निदान तो त्यांच्यासारखा कर, विचारून.

पोटाचंही सांगून ठेवतो. नाटक मंडळ घेतं, मंडळ तिकिटावर जगतं. बरेचदा दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक असा जोडधंदा असतो. 2014 ला पटावर बंदी आली ती 2021 च्या अखेरीपर्यंत राहिली, तेव्हा कित्येक गावांत पटाची गर्दी गेली आणि तिकीटही गेलं. तेव्हा मंडळाचा अध्यक्ष “थोडं हसवणारं घाला” म्हणाला तर त्याला अडाणी समजू नकोस. आपले नट परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्या अनेकांना झाडीपट्टी कळली. इथं मात्र दहाला पडदा उघडून पहाटेपर्यंत लोकांना थंडीत बसवून ठेवणं हीच परीक्षा आहे. हसव, पण कोणाच्या पाठीवर चप्पल ठेवून हसवतेस ते दरवेळी तपास.

दिवाळीनंतर प्रयोग सुरू होतात, म्हणून मंडळांची धावपळ आधीच लागते. पहिला अंक पोळ्यापर्यंत पाठव. सुनेला तिसऱ्या अंकात पाया पडायला लावलंस तर वही तशीच परत येईल, पोस्टाचा खर्च तुझा.

तुझा,
काका