हस्तातल्या त्या दोन दीर्घिका अशा वाकड्या का?

ताई, एनजीसी 4038 आणि 4039 (हस्त नक्षत्रातल्या दोन दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड समूह) यांच्या फोटोखाली तुम्ही विचारलंय, की दोन दीर्घिका आदळल्या तर त्यांतले तारे फुटले का, त्या लांब शेपट्या कसल्या, आणि खानापूरकडून हे दिसेल का.

तारे फुटले नाहीत. सूर्य म्हणजे बेळगावात ठेवलेला ज्वारीचा दाणा धरला, तर सगळ्यात जवळच्या ताऱ्याचा दाणा पार कोल्हापुरात येतो. एवढी मोकळी जागा असताना दीर्घिका एकमेकींतून आरपार गेल्या तरी ताऱ्याला तारा लागत नाही. वायूचे ढग मात्र आदळतात, दाबले जातात आणि त्यांतून नवे तारे जन्मतात. हबल दुर्बिणीला या जोडीत हजारावर तरुण तारकापुंज सापडले. फोटोतले निळे ठिपके ते हेच.

शेपट्या निघतात त्या गुरुत्वाकर्षणातल्या फरकामुळे. शेजारणीकडची बाजू जास्त ओढली जाते, मधला भाग कमी, पलीकडची बाजू सगळ्यात कमी. म्हणून दीर्घिका दोन्ही अंगांनी ताणली जाते. समुद्राला भरती येते तीही अशीच. पण इतक्या बारीक शेपट्या नुसत्या गुरुत्वाकर्षणाने निघतील हे बऱ्याच खगोलशास्त्रज्ञांना पटत नव्हतं. 1972 मध्ये अलार आणि यूरी तूम्रे या भावांनी संगणकावर गणित मांडून ते दाखवलं. त्यातला दिशेचा भाग मला फार सुंदर वाटतो. दीर्घिका ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने शेजारीण जवळून गेली, तर कडेचे तारे काही काळ तिच्या बरोबरीने चालतात, ओढ टिकून राहते आणि ते दूर फेकले जातात. उलट दिशेने गेली तर ओढ टिकतच नाही आणि शेपटी जवळजवळ निघत नाही. तुमच्या फोटोत दोघींनाही लांब शेपट्या आहेत, म्हणजे दोघींचंही फिरणं त्या भेटीच्या दिशेशी जुळणारं होतं!

आता दिसण्याचं. हस्तातल्या गॅमा ताऱ्याच्या पश्चिम-नैर्ऋत्येला सुमारे साडेतीन अंशांवर ही जोडी आहे. लंडनहून ती जेमतेम 20 अंश वर येते, आपल्याकडून 55. एप्रिलअखेर रात्री दहाला ती सगळ्यात उंच असते, पण तोवर वळिवाचे ढग सुरू होतात. म्हणून मी मार्चमधली अमावस्येची रात्र सांगेन, मध्यरात्र उलटल्यावर. जांबोटी-कणकुंबीकडे अंधार चांगला मिळतो. जंगलात गाडी थांबवू नका, अस्वलं आहेत. ओळखीच्या कुणाचं तरी शेत बघा.

8 इंची (तोंडाचा व्यास) दुर्बीण असेल तर बरं, पण तिच्यातूनही फिकट डागच दिसेल. शेपट्या फोटोतच येतात. 6 इंची असेल तर त्याच रात्री सप्तर्षीतल्या मरीची ताऱ्याजवळची एम 51 ही दीर्घिकांची जोडी आधी शोधा. तिथे मोठी दीर्घिका आणि तिची सोबतीण, दोघींची केंद्रं वेगवेगळी दिसतात.